माळ रिकामा नसतो : 'अधिवास म्हणजे जंगल' या मेसेजला उत्तर

दर वर्षी वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्यातले दोघे माझे जुने विद्यार्थी. दोघांनीही खाली विचारलं होतं, 'सर, बरोबर आहे ना?' बरोबर नाही, म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा : "अधिवास म्हणजे जंगल. जिथे झाड नाही तिथे अधिवास नाही. आपले माळ आणि गायरानं पडीक आहेत, तिथे काहीच राहत नाही. अशा माळावर झाडं लावली की नवा अधिवास तयार होतो. एखादी जागा विकासासाठी गेली तर प्राणी दुसरीकडे जातात, निसर्ग आपली सोय लावतो. गवे, हत्ती, बिबटे शिवारात येतात, कारण त्यांना आता जंगल नकोच झालंय."

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. झाडं लावावीत असं त्याला वाटतं, तसं मलाही वाटतं. पण यातलं एकही वाक्य टिकत नाही. आणि अशाच समजुतीवर विसंबून मी स्वतः एकदा एका माळाचं नुकसान केलेलं आहे. ते पुढे सांगतो.

"अधिवास म्हणजे जंगल."

महाराष्ट्रात कॉलेजच्या प्रवेशासाठी धावपळ करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना 'अधिवास' म्हटलं की दाखला आठवतो. कन्नडमध्ये याला 'आवासस्थान' म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, राहण्याची जागा. दाखल्यावर जसं कुणाचं तरी नाव असावं लागतं, तसंच इथेही आहे. नुसता 'अधिवास' असं काही नसतं; अधिवास कुणाचा तरी असतो. लांडग्याचा, टिटवीचा, खेकड्याचा, 'सीतेची आसवं' या रानफुलाचा. अन्न, पाणी, आडोसा आणि पिल्लं वाढवायची जागा, या गोष्टी त्या जीवाला झेपेल एवढ्या अंतरात आणि त्याला लागतील त्या ऋतूत जिथे मिळतात, तो त्याचा अधिवास. जंगल हा अनेकांचा अधिवास आहे, पण सगळ्यांचा नाही. आणि जंगलात राहणाऱ्यांनाही 'जंगल' असं सरसकट काही लागत नसतं.

आपल्या खानापूर तालुक्यातलंच भीमगड घ्या. 2011 मध्ये अभयारण्य झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटर. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. 1913 मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी शास्त्राला त्याची ओळख करून दिली आणि रॉटन या वनाधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. त्यानंतर कितीतरी दशकं हे वटवाघूळ साऱ्या जगात या एकाच ठिकाणाहून माहीत होतं. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. भोवतालचं रान त्याला रात्री किडे पुरवतं, पण दिवस काढायला आणि पिल्लं वाढवायला त्याला लागते ती खडकातली अंधारी, माणसांचा वावर नसलेली पोकळी. त्या पोकळीत एकही झाड नाही. बाहेरची सगळी झाडं जागच्या जागी ठेवून गुहेत रोज शंभर पर्यटक बॅटऱ्या घेऊन नेले, तर जंगल राहील आणि वटवाघळाचं घर जाईल.

चोर्ला घाटाकडे वळा. तिथल्या ओल्या मातीतून 2007 मध्ये देवगांडुळाची एक नवी जात नोंदवली गेली आणि म्हादई नदीवरून तिचं नाव ठेवलं गेलं. देवगांडूळ म्हणजे बिनपायांचा उभयचर, बेडकाचा लांबचा भाऊबंद. लोक त्याला गांडूळ किंवा साप समजतात आणि साप समजून ठेचतातही. त्याचा अधिवास म्हणजे दगडाखालची, पालापाचोळ्याखालची काही इंच ओली माती. पावसाळ्यात आपण बेळगावहून आंबोलीला जातो, तिथे जांभ्या कातळावर एक छोटा टोड, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार, राहतो. त्याची नोंद 2009 मध्ये झाली. तो अंडी घालतो ती कातळावरच्या पसाभर पाण्याच्या डबक्यात. पावसाने उघडीप दिली तर ते डबकं आटतं. आपण तिथेच गाडी लावतो, चाक नेमकं त्या डबक्यात जातं, आणि आपल्याला वाटतं की कातळ तर आहे, इथे कुणाचं काय बिघडणार.

अधिवास एकाच जागी गच्च बांधलेला असतो असंही नाही. चढणीचे मासे आपल्या लहानपणी कुणी पकडले नाहीत? पहिल्या मोठ्या पावसात ते नदी-ओढ्यातून उलटे चढून भातखाचरात येतात आणि तिथे अंडी घालतात. त्या माशांचा अधिवास वर्षातला बहुतेक काळ ओढा असतो, थोडे दिवस खाचर असतं, आणि त्या दोन्हींना जोडणारी वाटही त्यात धरावी लागते. ओढ्यावर रस्ता करताना मोरीचा पाइप हातभर उंचावर बसवला की ओढा शाबूत असतो, खाचरही शाबूत असतं, पण मासा वर येत नाही. मेसेजच्या व्याख्येत ही मोरी कुठे बसवणार?

"माळ पडीक आहेत, तिथे काहीच राहत नाही."

माझं खरं भांडण या वाक्याशी आहे.

'पडीक' हा शब्द महसुलाचा आहे, जीवशास्त्राचा नाही. जिथून सारा मिळत नाही आणि इमारती लाकूडही मिळत नाही, ती जमीन इंग्रजी अमलाच्या हिशेबात निकामी ठरली. तो हिशेब अजून चालू आहे. देशाच्या पडीक जमिनींचा जो सरकारी नकाशासंग्रह निघतो, त्यात गवताळ आणि झुडपी जमिनींचे मोठे पट्टे पडीक म्हणूनच मोजले जातात. नकाशावर तो रंग भरला की मग सौर प्रकल्प, वसाहत, खाण, वृक्षारोपण, काहीही तिथे टाकायला कुणाची हरकत उरत नाही.

आता एप्रिलमध्ये सकाळी सात वाजता अशा एखाद्या 'पडीक' माळावर उभे राहा. आपल्याकडे दोन प्रकारच्या टिटव्या आहेत. लाल गाठीची सगळ्यांना माहीत आहे. ती तळ्याकाठी, शेतात, पाण्याच्या आसपास असते, आणि रात्री-अपरात्री ओरडते. दुसरी पिवळ्या गाठीची, माळटिटवी. तिला पाण्याची एवढी ओढ नाही. तिला कोरडा, उघडा, खुरट्या गवताचा, खडे पसरलेला माळच लागतो. ती घरटं बांधत नाही म्हटलं तरी चालेल. जमिनीतल्या जराशा खोलगट जागी, खड्यांच्या मध्ये, बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळे-तपकिरी शिंतोडे. दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. दोघी टिटव्याच, पण एकीच्या अधिवासात दुसरीचं भागत नाही. माझ्या मते अधिवास हा धडा शिकवायला एवढं सोपं उदाहरण दुसरं नाही. मी वर्षानुवर्षं ते फळ्यावर न लिहिता पुस्तकातलं वाळवंट आणि उंट शिकवत राहिलो, याची खंत वाटते.

डोंबारी चंडोलाचा नर उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर उसळतो. त्याचं घरटंही गुराच्या खुराएवढ्या खळग्यात असतं. लांडग्याला लांबवर नजर जाईल अशी मोकळी जमीन आणि बीळ करायला ओढ्याकाठची दरड लागते. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात आणि पुढे बागलकोट-विजापूरकडे तो धनगरांच्या मेंढरांच्या मागेमागे आजही आहे. मुधोळ-बिळगी भागात यादहळ्ळीला तर खास चिंकाऱ्यासाठी अभयारण्य आहे, सुमारे 96 चौरस किलोमीटरचं. तिथे जाऊन पाहा. मेसेजमधल्या चित्रासारखं एकही दाट रान दिसणार नाही. झुडपं, दगड आणि गवत. चिंकाऱ्याचं घर तेच आहे.

पश्चिमेकडे, घाटमाथ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, गोष्ट वेगळी, पण मुद्दा तोच. तिथे कातळावर मातीचा थर बोटभर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू फुलतात. त्या मातीत पोषण इतकं कमी की या वनस्पतींनी किडे पकडून ती उणीव भरून काढायची रीत शोधली. ही गरिबीच त्यांना जगवते. तिथे गाळाची माती आणून टाकली, खत घातलं, तर उंच वाढणारं तण त्यांना झाकून टाकतं. जमीन 'सुधारली' की त्यांचा अधिवास संपतो.

"माळावर झाडं लावली की नवा अधिवास तयार होतो."

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाळेने गावच्या गायरानात वृक्षारोपण केलं. पुढाकार माझाच होता. मे महिन्यात जेसीबी आला, दोन दिवसांत ओळीने खड्डे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवीतली एक मुलगी मला हाताला धरून एका खड्ड्याजवळ घेऊन गेली. खड्ड्यातून काढलेल्या मातीच्या ढिगाशेजारी टिटवीची जोडी सारखी धावत होती, ओरडत होती, पुन्हा त्याच ढिगापाशी येत होती. अंडी ढिगाखाली गेली होती. मुलीने विचारलं, 'सर, ही दुसरीकडे घालेल ना अंडी?' मी 'हो' म्हणालो. ते उत्तर मला माहीत होतं म्हणून नव्हे, तर तिला रडू येऊ नये म्हणून दिलं होतं.

रोपं आम्हाला फुकट मिळाली होती, अकेशियाची. ती वाढली, जगली, फोटो चांगले आले. पाच-सहा वर्षांत गायरान हिरवंगार दिसायला लागलं. खाली मात्र वाळलेल्या पानांचा जाड थर, त्यातून गवत वर येईना. माळटिटवी तिथे मला पुन्हा दिसली नाही. दर वर्षी दिवाळीनंतर तिथे मेंढरं बसवणारे धनगरमामा एकदा वाटेत भेटले. म्हणाले, 'गुरुजी, तुमच्या झाडाचा पाला मेंढरं तोंडात बी धरत न्हाईत. आमी आता तिकडनं येतच न्हाई.' मेंढरं येईनात तशी लेंडी पडेना, लेंडीवर जगणारे शेणकिडे गेले, किडे टिपणारे पक्षी गेले. आम्ही अधिवास तयार केला नव्हता. होता तो मोडला होता आणि त्यावर हिरवा रंग दिला होता.

हे फक्त आमच्या गायरानाचं नाही. हावेरी जिल्ह्यातल्या राणेबेन्नूरला काळविटांसाठी अभयारण्य आहे. तिथल्या मोकळ्या रानात पूर्वी माळढोकही असायचा. त्या रानाच्या मोठ्या भागात नीलगिरी लावली गेली. आज तिथे माळढोक नाही. माळढोकाला चहूबाजूंनी दिसणारं मोकळं गवत लागतं. झाडांच्या रांगांत तो राहूच शकत नाही. शिवाय उघड्या माळावर उंच झाड उभं राहिलं की कावळ्या-घारींना टेहळणीची जागा मिळते. जमिनीवर अंडी घालणाऱ्याला त्याहून मोठं संकट नाही.

यावर हमखास विचारलं जातं, 'पण झाडं कार्बन शोषतात ना?' शोषतात. गवतही शोषतं, आणि त्यातला बराचसा मुळांतून जमिनीत साठवतं. वणव्यात वरचं गवत जळतं, जमिनीतला साठा बहुतांशी तसाच राहतो. हिरवं दिसणं हा निकष लावायचा तर रानमोडी हे रान गिळणारं तणही हिरवंच असतं. आपल्या लोकांनी त्याला नाव मात्र बरोबर ठेवलं.

"एखादी जागा गेली तर प्राणी दुसरीकडे जातात."

ती 'दुसरीकडे' रिकामी असती तर तिथे आधीच कुणी राहिलं असतं. चांगली जागा भरलेली असते, आणि ज्या जागी कुणी नाही तिथे बहुधा काहीतरी कमी असतं. धनेशाचं पाहा. लोंढ्यापासून दांडेलीपर्यंतच्या रानात तो आहे. त्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या, जाड बुंध्याच्या झाडाला आपोआप पडलेली ढोलीच त्याला लागते. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला फळं भरवतो. असं एक झाड पडलं आणि बदल्यात दहा रोपं लावली, तर त्या रोपांना ढोली पडायला शंभरएक वर्षं लागतील. धनेश तेवढं थांबू शकत नाही. बेळगाव-गोवा रस्ता रुंद होताना खानापूर भागातली जुनी झाडं गेली, तेव्हा 'एकाला दहा' हा हिशेब मी फार ऐकला. तो लाकडाचा हिशेब म्हणून ठीक असेल.

कधी जागा जातही नाही, नजरेला सगळं तसंच दिसतं, तरी अधिवास बदलतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथला सुंदर, निळ्या-नारिंगी गळ्याचा सरडा शास्त्राने 2016 मध्ये वेगळा ओळखला. ज्या प्रजातीसमूहात तो बसवला त्याचं नावच 'सरडा' असं मराठीतून घेतलंय. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आहेत, म्हणून सरडे वाढलेत. हे ऐकायला बरं वाटतं. पण त्या सरड्यांची अंगकाठी खालावलेली होती, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. जमीन तीच, गवत तेच, फक्त वरचं आकाश बदललं. आपल्याकडे सौंदत्ती-गोकाकच्या माळांवरही पवनचक्क्या फिरतायत. त्या नकोत असं मी म्हणत नाही. 'खालची जमीन तशीच आहे' एवढ्यावर विषय संपत नाही, इतकंच म्हणतोय.

"त्यांना आता जंगल नकोच झालंय."

2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरातल्या गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधायला हत्ती आणले, तरी तो हाती लागला नाही. तेव्हापासून या वाक्याला जोर आला. बिबट्या हा फार थोड्यात भागवणारा प्राणी आहे. लपायला दाट आडोसा, प्यायला पाणी, खायला कुत्री-डुकरं एवढं मिळालं की त्याला पुरतं. ऊस त्याला हे सगळं देतो. लागणीचा ऊस वर्षभर आणि त्याहून जास्त उभा असतो, आत माणूस फिरकत नाही, पाटाचं पाणी असतं. जुन्नरच्या बाजूला बिबट्याच्या माद्या उसातच वितात आणि तोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात. त्या पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं, मग ते नको कसं होईल? आपल्या जिल्ह्यातल्या साखर पट्ट्याने नकळत बिबट्यासाठी अधिवास तयार केला आहे. तोच ऊस चंडोलाला आणि चिंकाऱ्याला बंद झालेलं दार आहे. एकच फड, एकाचं घर आणि दुसऱ्याची हकालपट्टी. म्हणून मी पुन्हा पुन्हा 'कुणाचा' हे विचारायला सांगतो.

माणसाने केलेली जागा अधिवास होऊच शकत नाही, असंही माझं म्हणणं नाही. गोकाक तालुक्यातलं घटप्रभा पक्षी अभयारण्य धुपदाळच्या बंधाऱ्यामुळेच उभं राहिलं. पाणी पसरलं, उथळ कडा आणि चिखल तयार झाला, आणि हिवाळ्यात करकोचे तिथे उतरू लागले. पण तिथेही पक्ष्यांना 'पाणी' एवढंच पुरत नाही. लांब पायांच्या पक्ष्याला घोट्याएवढं पाणी लागतं. तेच पाणी पुरुषभर झालं की तो उपाशी.

हत्तींबद्दल थोडंच सांगतो, कारण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. दांडेलीकडचे हत्ती खानापूरमार्गे चंदगड, दोडामार्गात उतरू लागले त्याला 2002 पासून दोन तपं होऊन गेली. हत्तीला रोज मणांनी चारा आणि मुबलक पाणी लागतं, आणि वर्षभरात तो फार मोठ्या मुलखात फिरतो. त्या मुलखात धरण, रस्ता, रेल्वे, काजूच्या बागा आल्या. ज्याच्या वायंगणाचं भात किंवा केळीची बाग एका रात्रीत जाते त्याचं दुःख खरं आहे, त्याची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळालीच पाहिजे. पण 'हत्तीला जंगल नको' हे त्याच्या नुकसानीचं कारण नव्हे. गव्याचंही तसंच. गव्याला गवत लागतं. ज्या रानात खाली गवताऐवजी रानमोडी आणि अकेशियाचा पाला आहे, ते रान नकाशावर जंगल असलं तरी गव्याच्या पोटाला ते नाही.

झाडं लावायची असतील तर जागा भरपूर आहेत. रस्त्याकडेची वड-जांभळं गेली तिथे वड-जांभळंच लावा. ओढ्याकाठी करंज आणि उंबर लावा, तिथे ते मुळात होतेच. शाळेच्या कुंपणाला, बांधावर, देवराईच्या उजाड झालेल्या कडेला लावा, आणि फुकट मिळतात म्हणून अकेशियाची रोपं घेऊ नका. गायरानाचा ठराव ग्रामसभेत आला तर मेंढपाळांना बोलवा, त्यांना विचारल्याशिवाय सही करू नका. आणि एक तारीख वहीत लिहून ठेवा. वृक्षारोपण जूनमध्ये असतं, म्हणून खड्डे काढायला जेसीबी एप्रिल-मेमध्ये माळावर येतो. माळटिटवी अंडी घालते ती मार्च ते मे.